जन्मदर, प्रजननदर आणि ‘घटणे’

प्रश्न : मुलीच्या भूगोलाच्या वहीत ‘भारताची लोकसंख्या घटत आहे’ असं वाक्य होतं, ते मी खोडलं. ती म्हणाली, “अगं, आता बाईला सरासरी दोनच मुलं होतात, पेपरात आलंय.” वाक्य चुकलंय हे कळतं, पण का ते सांगता येईना. जन्मदर आणि प्रजननदर एकच का?

उत्तर : नाही ताई. वर्षभरात दर हजार लोकांमागे किती बाळं जन्मली, तो जन्मदर. त्या हजारांत आजोबा आले, शाळकरी पोरंही आली. प्रजननदर फक्त बाईकडे बघतो : आजचंच प्रमाण टिकलं तर एकीला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील. आमच्या कोकणातल्या वाडीत पंचवीस घरं, त्यातली चौदा कुलूपबंद, गणपतीत उघडतात. तरणी माणसं मुंबईला, मागे म्हातारी. तिथे जन्मदर पडणारच, मग घरटी मुलं कितीही असोत.

आता ‘घटणे’. घटते ती संख्या, मंदावतो तो वेग. 2001 ते 2011 या काळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची लोकसंख्या खरोखर घटली, तिथे हा शब्द चोख बसतो. देशाचं तसं नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारताचा प्रजननदर 2.0 आला, महाराष्ट्राचा 1.7. पिढीची जागा पिढीने भरायला साधारण 2.1 लागतो. तरीही 2023 मध्ये आपण चीनला मागे टाकलं, कारण आज आई होणाऱ्या मुली प्रजननदर चढा होता तेव्हा जन्मल्या आणि त्या संख्येने भरपूर आहेत. शिवाय माणसं जास्त जगतात. जगाचंही तेच : 1960च्या दशकात वाढीचा वेग वर्षाला दोन टक्क्यांवर गेला होता, आता एकाच्याही खाली आहे, तरी 15 नोव्हेंबर 2022 ला आपण आठशे कोटी झालो. वहीत ‘लोकसंख्यावाढ मंदावली आहे’ असं लिहा.

आणखी एक उत्तर : वरचं पटलं. मला ‘प्रजनन’ हा शब्दच खटकतो, गोठ्यातला वाटतो. ‘जननदर’ सुटसुटीत आहे. समाजसुधारक र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत केंद्र काढलं ते ‘संततिनियमना’चं, त्या शब्दात निर्णय जोडप्याचा होता. पुढे सरकारी ‘कुटुंबनियोजन’ आलं आणि आणीबाणीने ‘नसबंदी’ला धाकाचा वास लावला.

बायकांनी मात्र यातलं काहीच उचललं नाही. त्या म्हणतात, “दोघांवर ऑपरेशन केलं”, म्हणजे दोन मुलं झाल्यावर. कसलं, ते कुणी विचारत नाही. आणि कुणाचं, तेही नाही. त्याच सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींची नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली, नवऱ्याची झालेली 0.3 टक्के. शब्दकोशात ‘ऑपरेशन’चा हा अर्थ यायलाच हवा.