चीफ जज म्हणजे बाकीच्या जजांचा बॉस असतो का?

अनुजा_के: कोर्टाच्या बातम्या वाचताना एक गोष्ट नेहमी अडते. मुख्य न्यायाधीश हा बाकीच्या न्यायाधीशांचा साहेब असतो का? म्हणजे समजा एखाद्या जजचा निकाल त्यांना पटला नाही तर ते तो फिरवू शकतात का, आणि नसेल फिरवता येत तर मग त्या पदाला एवढं वजन कशामुळे?

निशांत_वकील: नाही फिरवता येत. बेंचवर बसल्यावर त्यांचं मत एकच, बाकीच्यांइतकंच. २०१७ ची तिहेरी तलाकची केस बघा, पाच जजांचं घटनापीठ होतं, सरन्यायाधीश खेहर स्वतः त्यात बसलेले आणि तेच अल्पमतात गेले, निकाल ३ विरुद्ध २ ने लागला. २०२२ ला ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणात सरन्यायाधीश लळीत यांचंही तेच झालं. आणि हे असंच असायला हवं, नाहीतर जज निकाल देताना कायद्याकडे बघायच्या आधी साहेबाच्या तोंडाकडे बघेल.

रेवती१२: निशांत बरोबर बोलतोय पण अर्धंच सांगितलं. खरी ताकद रोस्टरमध्ये आहे. कुठली केस कुठल्या बेंचपुढे लागणार, बेंचवर दोन जज की पाच, आणि कोण कोण, हे मुख्य न्यायाधीश ठरवतात. मत एकच असलं तरी मतं कोणाकोणाची पडणार हे त्यांच्या हातात, ही काय लहान गोष्ट आहे का! २०१८ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाच्या चार सीनियर जजांनी प्रेस कॉन्फरन्स घेतली त्यातला एक मोठा मुद्दा केस वाटपाचाच होता. पुढे त्याच वर्षी ज्येष्ठ वकील शांती भूषण यांच्या याचिकेवर कोर्टाने सांगितलं की मास्टर ऑफ द रोस्टर सरन्यायाधीशच. मला विचाराल तर या वाटपाचे नियम लेखी आणि सगळ्यांना बघता येतील असे पाहिजेत.

कोर्टकट्टा: अमेरिकेत दोन वेगळे प्रकार आहेत. सुप्रीम कोर्टाचा चीफ जस्टिस राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेटची मंजुरी लागते. तो बहुमतात असेल तर निकालपत्र कोणी लिहायचं ते तो ठरवतो, अल्पमतात असेल तर तो अधिकार बहुमतातल्या सगळ्यात सीनियर जजकडे जातो. खालच्या फेडरल (केंद्राच्या) कोर्टांत मात्र चीफ जज सीनियॉरिटीने होतो, वय ६५ च्या आत लागतं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं, म्हणजे कारभार बघायची पाळी येते आणि जाते, जज तो पुढेही राहतोच.

अनुजा_के: ओके, हे कळलं. पण मग जिल्हा कोर्टात प्रमुख जिल्हा न्यायाधीश खालच्या जजचा निकाल रद्द करतात ते कसं?

निशांत_वकील: ते अपिलात. कायद्याने अपील जिल्हा न्यायाधीशाकडे जातं म्हणून, प्रमुख आहेत म्हणून नाही. तेच अपील त्यांनी दुसऱ्या अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशाकडे सोपवलं तर तोही निकाल रद्द करू शकतो. प्रमुख म्हणून त्यांचं काम वेगळं, केसेस वाटणं, स्टाफ, खालच्या कोर्टांची तपासणी.