मदत हवी आहे: मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरच्या नाट्यपदाचा मूळ स्वर कसा ठरवायचा?

नागपुरात जुन्या नाट्यपदांच्या श्रवणबैठकीसाठी एका तबकडीची फाईल तपासतो आहे. षड्ज (सा) पेटीच्या पांढरी चार आणि काळी तीन या लगतच्या पट्ट्यांच्या मधोमध पडतो. म्हणजे तबकडी ७८ ऐवजी सुमारे ७६ किंवा ८० फेऱ्यांनी फिरायला हवी. सहा टक्के वेग म्हणजे अख्खा अर्धस्वर, म्हणून हा फरक सोडून देण्याजोगा नाही. तानांची जातच बदलून ऐकू येते.

साथीला ऑर्गन आहे. पण त्या काळचे ऑर्गन आजच्या प्रमाण ४४० हर्ट्झलाच (मधल्या सप्तकातली पांढरी सहा) जुळवलेले असतील, असं धरता येत नाही. फाईलमधली विजेच्या पुरवठ्याची ५० हर्ट्झची घरघर नेमकी ५० वरच आहे, म्हणजे ती डिजिटल करतानाची. वेगाचा पुरावा म्हणून निरुपयोगी. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त 'पिच' (स्वराची उंची) बदलली तर लय चुकीचीच राहते, तिथे 'स्पीड'च बदलायला हवा, हे माहीत आहे.

मग दोन वेगांतला खरा कोणता? जाणकार केवळ आवाजाच्या पोतावरून ठरवतात का? शिवाय धरमपेठ, महाल, सीताबर्डी भागात कुणाकडे वेग कमी-जास्त करता येणारा टर्नटेबल आणि ७८ ची जाड सुई (सुमारे ७५ मायक्रॉन) आहे का? एलपीची (नंतरच्या ३३ फेऱ्यांच्या तबकडीची) बारीक सुई खाचेच्या तळाला घासते आणि खरखर वाढते. तबकडी मी घेऊन येईन.