शब्दचर्चा : ‘लोकानुनयी’मधले लोक कोणते?

प्रश्न : अमेरिकेचे सातवे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्यावरचा एक लेख मराठीत आणतेय. ‘पॉप्युलिस्ट’ला काय लिहू? लोकानुनयी, लोकरंजक की लोकवादी? लेखाचा मुद्दाच असा आहे की या गृहस्थांनी सामान्यांचं खरोखर भलं केलं का. ‘लोकानुनयी’ लिहिलं तर पहिल्याच ओळीत निकाल लागतो.

उत्तर : बरोबर पकडलंत, ताई. अनुनय म्हणजे रुसलेल्याची मनधरणी. पेपरात ‘लोकानुनयी घोषणा’ दिसली की आपण तिजोरीला भोक पडलं असंच समजतो. ‘रंजन’ची तर घसरणच झाली. रघुवंशात राजा हा शब्द प्रजेचं रंजन करण्यावरून सार्थ ठरतो. आता लोकरंजन म्हटलं की फड आणि ढोलकी. मी ‘लोकवादी’ घेईन. अमेरिकेत 1892 च्या निवडणुकीत उतरलेल्या पीपल्स पार्टीचे लोक स्वतःला अभिमानाने पॉप्युलिस्ट म्हणवत, शिवी नव्हती ती. जॅक्सन त्याआधीचे, हे मात्र तळटीपेत सांगा.

मनधरणी त्यांनाही जमत होती म्हणा. 4 मार्च 1829 ला शपथविधीनंतर व्हाइट हाउसमध्ये एवढी गर्दी घुसली की चिखलाचे बूट खुर्च्यांवर चढले, काचसामान फुटलं. शेवटी पेयाची पिंपं बाहेर हिरवळीवर नेली तेव्हा कुठे माणसं हलली.

पण 1832 मध्ये सरकारी ठेवी सांभाळणाऱ्या बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सच्या सनदेच्या नूतनीकरणावर त्यांनी नकाराधिकार वापरला, तो संदेश वाचाच. श्रीमंत नि बलवान माणसं सरकारला आपल्या स्वार्थाकडे वाकवतात, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. ही भाषा गरिबाची. पुढे सरकारी ठेवी तिथून काढून मर्जीतल्या राज्य-बँकांत गेल्या. विरोधक त्यांना ‘पेट बँक्स’ म्हणत. लाडक्या बँका! (आपल्याकडे हे विशेषण सध्या जोरात आहे, त्यामुळे जपून.) 1836 मध्ये सरकारी जमिनीचे पैसे सोन्या-चांदीतच भरा असा हुकूम निघाला, आणि जॅक्सन पायउतार झाल्यावर दोनच महिन्यांत, मे 1837 मध्ये, न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांबदली नाणी देणं थांबवलं. दोष एकट्या त्यांचा नव्हे, इंग्लंडमध्येही कर्ज आखडलं होतं. पण त्यानंतर आलेल्या मंदीत मजूरच होरपळला.

आणखी एक : तुम्ही सगळे ‘वादी’ आणि ‘अनुनयी’वर अडलात, घोळ ‘लोक’मध्ये आहे. आमची आजी म्हणायची, “पोरीची जात, लोकाच्या घरी जायची.” म्हणजे परक्याच्या. मराठीत लोक म्हणजे जनता, आणि लोक म्हणजे आपले नव्हेत तेही. जॅक्सन यांच्या हिशेबात चेरोकी, म्हणजे अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात, हे दुसऱ्या अर्थाचे लोक. अशा जमातींना हटवणारा 1830 चा स्थलांतर कायदा जॅक्सन यांच्या सहीचा. 1838-39 मध्ये, ते पदावर नसताना, सुमारे 16,000 चेरोकींना मिसिसिपी नदीपलीकडे हाकललं. त्यात 4,000 च्या आसपास मेले. मोकळ्या जमिनीवर कापूस आला, तो पिकवायला गुलाम. नॅशव्हिलजवळच्या खुद्द जॅक्सन यांच्या मळ्यावरही गुलामच राबत. गोऱ्या शेतकऱ्याला मान मिळाला हे खरं, पण चांगली जमीन बरीचशी मळेवाल्यांनी आणि सट्टेवाल्यांनी लाटली. मग ‘सामान्य माणूस’ हा शब्द तरी सरळ कसा लिहिणार?

प्रश्नकर्ती : ठरलं. शीर्षकात ‘लोकवादी’, बँकेच्या परिच्छेदात ‘लोकानुनयी भाषा’, आणि ‘सामान्य’च्या आधी दर वेळी ‘गोरा’. ‘लाडक्या बँका’ ठेवतेय. संपादक काढतील बहुतेक.