१,८०,००० किमी झालेलं पेट्रोल इंजिन ऑइल खातंय: कोणतं ॲडिटिव्ह टाकावं?

प्रश्न (जुनं_इंजिन)

चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे, टर्बो नाही, रनिंग १,८०,००० किमी. ऑइल ५डब्ल्यू-३०, दर १०,००० किमीला बदललेलं. सध्या १,००० किमीमागे साधारण ७०० मिली कमी होतं. सकाळी पहिला सेल्फ मारला की निळा धूर येतो आणि मिनिटभरात थांबतो. त्याच वेळी टॅपेटची टिकटिक पाच-सात सेकंद ऐकू येते. फिलर कॅपच्या आतून तपकिरी थर बसलाय. गाडीखाली मात्र एक थेंबही नाही.

दुकानात धूर कमी करणारं, मॉलीवालं, इंजिन ‘रिस्टोअर’ करणारं आणि फ्लश असे चार प्रकार दिसतात. यातलं कोणतं घ्यावं, किती टाकावं, आणि दोन एकत्र चालतात का? इंजिन लगेच खोलायचं नाही, पण काहीतरी ओतून बिघडवायचंही नाही.

उत्तर १ (गेजकाडी)

आधी ऑइल कुठून जातंय ते ठरवा, डबा नंतर. रात्रभर उभी राहिल्यावर स्टार्टला निळा धूर म्हणजे व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं रबर) कडक झालेत. व्हॉल्व्हच्या गाइडमधून रात्रभर झिरपलेलं ऑइल पहिल्या मिनिटात जळतं. चढावर लोड देताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. पण ७०० मिली हा आकडा एकट्या व्हॉल्व्ह सीलसाठी मला जास्त वाटतो, तुमच्याकडे बहुधा दोन्ही भानगडी आहेत.

सगळ्यात आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारा) काढून कानाजवळ हलवा. स्प्रिंगवाला असेल तर आतून खडखड आवाज यायला हवा. तो चोंदला किंवा अडकला की एकतर क्रँककेसमधला दाब वाढून ऑइल सीलमधून बाहेर ढकललं जातं, नाहीतर ऑइलची वाफ सरळ इनटेकमध्ये ओढली जाते. हा छोटासा भाग न बघता लोक डब्यांवर डबे रिकामे करतात.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब गेजने मोजणं. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इग्निशन आणि इंजेक्टरची कनेक्शन सोडवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरवर सेल्फने पाच-सहा स्ट्रोक द्या. रीडिंग लिहून ठेवा. नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये ५ मिली इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. थोडं तर सगळीकडेच वाढतं. ज्या सिलिंडरचं बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त वाढेल तिथे रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. कमी असूनही वाढत नसेल तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

उत्तर २ (दहा_चाळीस)

डब्यांबद्दल लिहितो, कारण वरची नावं वेगळी असली तरी आतला माल चार-पाच प्रकारचाच असतो.

धूर कमी करणारं म्हणजे बहुतेक वेळा पॉलिआयसोब्युटिलीनसारखं घट्ट पॉलिमर, मधासारखी धार पडते. गरम असताना ऑइल जाड राहतं म्हणून रिंगांपाशी कमी निसटतं. पण थंड असतानाही ते जाडच असतं. तुमचं ५डब्ल्यू (थंडीत ऑइल किती पातळ राहतं त्याचा आकडा) मग ५डब्ल्यू राहत नाही, टॅपेटपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि सकाळची टिकटिक वाढते. इंजिनात व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी यंत्रणा) असेल तर त्याच्या बारीक वाटांनाही हे मानवत नाही. जाडीच हवी असेल तर निर्मात्याच्या पुस्तकात चालतं म्हटलं असेल तिथे १०डब्ल्यू-४० भरा. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडची व्हिस्कॉसिटी (जाडी) ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या आत असते, ४० ची १२.५ ते १६.३. तेवढ्या फरकानेही खप कमी होऊ शकतो.

मॉली (मॉलिब्डेनम डायसल्फाइड) घर्षण कमी करतं, इंजिन थोडं गुळगुळीत चालतं. ऑइलचा खप मात्र त्याने कमी होत नाही, झिजलेला धातूही भरून येत नाही. ‘रिस्टोअर’वाल्यांत तांबं-शिसं अशा मऊ धातूंचे कण असतात, बोअरवरचे ओरखडे भरतात असा दावा. कार्बनमध्ये चिकटलेली रिंग त्याने सुटणार नाही, आणि तुमच्या इंजिनात मला संशय तिथेच आहे. पीटीएफई (टेफ्लॉन) वाली तर नकोच. त्यांच्या जाहिरातींतल्या दाव्यांना पुरावा नाही म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० च्या दशकात कारवाई केली होती. क्लोरिनेटेड पॅराफिन असलेलं काही दिसलं तर तेही टाळा, त्यातून तयार होणारं आम्ल बेअरिंग खातं.

झिंक (झेडडीडीपी, झीज रोखणारं झिंक-फॉस्फरसचं रसायन) जुन्या फ्लॅट टॅपेट कॅमसाठी उपयोगी आहे. पण तुमचं इंजिन ऑइल जाळतंय. जळालेल्या ऑइलमधला फॉस्फरस थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन बसतो. आजच्या ३० ग्रेडच्या पेट्रोल ऑइलमध्ये फॉस्फरस ८०० पीपीएमच्या आत ठेवतात तो याचसाठी. वरून झिंक ओतलंत तर कन्व्हर्टर लवकर जाईल.

तुमच्या लक्षणांना लागू पडेल असा एकच प्रकार मला दिसतो: सील कंडिशनर. त्यातले एस्टर कडक झालेल्या रबराला थोडं फुगवतात, मऊ करतात. परिणाम दिसायला हजारेक किमी द्या. फाटलेल्या किंवा झिजलेल्या सीलवर काहीच होणार नाही. हाय-मायलेज म्हणून मिळणाऱ्या ऑइलमध्ये हे बहुधा आधीच असतं, ते भरलंत तर वेगळा डबा लागत नाही.

दोन डबे एकत्र करू नका. चांगल्या ऑइलमध्ये डिटर्जंट, डिस्पर्संट, अँटी-वेअर, फेस रोखणारं रसायन असं सगळं तोलून घातलेलं असतं, वरून दोन अनोळखी मिश्रणं पडली की तो तोल कुणालाच सांगता येत नाही. आणि ३०० मिली ॲडिटिव्ह टाकणार असाल तर ऑइल ३०० मिली कमी भरा. काडीवर मॅक्सच्या वर पातळी गेली की क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि पंप हवा ओढतो.

उत्तर ३ (ऑइल_चेंबर)

फ्लशबद्दल कळकळीने सांगतो. १,८०,००० किमी आणि कॅपखाली थर असलेल्या इंजिनात दहा मिनिटांचा जोरदार फ्लश टाकू नका. गाळ विरघळून जात नाही, तो सुटतो. सुटलेल्या खपल्या चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथल्या) स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन बसतात, पंपाला ऑइल मिळत नाही, आणि ड्रेन प्लगमधून सगळं निघालं असं वाटत असताना बेअरिंग कोरडं पडतं. रॉकेल किंवा डिझेल ओतून धुवायची पद्धत तर त्याहून वाईट, त्याला ऑइलसारखा धातूंमध्ये टिकणारा थर धरायची ताकदच नसते.

त्याऐवजी चांगलं डिटर्जंटवालं ऑइल भरा आणि ३,००० किमीला फिल्टरसकट बदला. असं तीनदा. हळूहळू निघालेला गाळ फिल्टर झेलतो. १०,००० किमीचं अंतर या वयाच्या इंजिनाला लांब आहे.

जुनं_इंजिन

मोजलं. कोरडं (पीएसआय): १६५, १६०, १३५, १६२. ऑइल टाकून: १७२, १६८, १६४, १७०. पीसीव्ही हलवला तर आवाजच नाही, आतून काळा चिकटा. म्हणजे फक्त तिसऱ्याच सिलिंडरचं दुखणं समजायचं का?

उत्तर ४ (गेजकाडी)

तिसऱ्याची कॉम्प्रेशन रिंग किंवा बोअर नक्की. पण बाकीचे तीन सुटले असं समजू नका. कॉम्प्रेशन टेस्ट वरच्या दोन रिंगांबद्दल बोलते. ऑइल खरवडणारी रिंग तिसरी, आणि तिच्या मागची बारीक भोकं कार्बनने बुजली तरी रीडिंग छान येतं.

पहिलं, पीसीव्ही नवा बसवा, त्याची नळी साफ करा आणि बाकी काहीही न बदलता १,००० किमी चालवून खप मोजा. सपाट जागेवर, सकाळी थंड इंजिनावर, दोन्ही वेळा त्याच जागी काडी बघा. सोबत टॉपअपसाठी ऑइल ठेवा.

तरीही ४००-५०० मिली जात असेल तर पिस्टन सोक. चारही पिस्टन साधारण मधल्या उंचीवर येतील असा क्रँक हाताने फिरवा. कार्बन सोडवणारं पिस्टन क्लीनर प्लगच्या भोकातून प्रत्येकी ४० मिली सोडा, रात्रभर ठेवा. सकाळी प्लग न लावता, इग्निशन-इंजेक्टर बंद ठेवून, भोकांवर जाड फडकं टाकून सेल्फ मारा. उरलेलं द्रव जोरात बाहेर उडतं, तोंड दूर ठेवा, जवळ ठिणगी नको. ते आत राहिलं आणि प्लग लावून सेल्फ मारला तर द्रव दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पिस्टनशेजारून चेंबरमध्ये उतरलेलं क्लीनर ऑइल पातळ करतं, म्हणून इंजिन सुरू करण्याआधीच ऑइल आणि फिल्टर बदला. पुस्तकात १०डब्ल्यू-४० बसत असेल तर हाय-मायलेजमध्ये तेच भरा.

सकाळचा धूर तरीही राहिला तर व्हॉल्व्ह सील बदला, त्यासाठी हेड उतरवावं लागत नाही. कॅमशाफ्ट काढून, पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवेचा दाब दिला की व्हॉल्व्ह खाली पडत नाहीत. स्प्रिंग दाबून जुनं सील काढा, नवं बसवा. कॅम काढण्याआधी टायमिंगच्या खुणा रंगाने करून ठेवा.