मदत हवी आहे : राघोजी भोसल्यांच्या तलवारीवरून बेतलेले लेजेंडरी शस्त्र, नियम कसे बसवावेत?

नमस्कार. आम्ही नागपुरात डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ च्या नियमांनी खेळतो. सध्याच्या कॅम्पेनचा (सलग चालणाऱ्या कथेचा) डीएम, म्हणजे खेळ चालवणारा सूत्रधार, मी आहे आणि त्याचे जग अठराव्या शतकातील नागपूरवर बेतलेले आहे. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, अकराव्या लेव्हलला पोहोचली असून आता फायटरच्या (गटातील लढवय्याच्या) हाती एक लेजेंडरी, म्हणजे दंतकथेत शोभेल अशी जादूची, तलवार सोपवायची आहे.

तिचा मूळ नमुना म्हणजे महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत मिळवलेली नागपूरकर राघोजी भोसल्यांची तलवार. पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचे. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. आणि पात्याच्या पाठीवर तळाशी सोनेरी देवनागरी लेख, ज्यात राघोजींच्या नावासोबत ‘सेनासाहेबसुभा’ हा त्यांचा सेनानायकाचा किताबही आहे. नावाशेजारचा तो किताब पाहूनच मला कथा सुचली. आमच्या खेळातील तलवार धन्याचे कूळ विचारत नाही. फौजेची जबाबदारी जो अंगावर घेतो त्याचीच ती होते आणि सोबत्यांना टाकून पळणाऱ्याच्या हातात तिचे नुसते लोखंड उरते. हा भाग मला कोणत्याही परिस्थितीत सोडायचा नाही.

अडचण आकड्यांची आहे. फायटरची स्ट्रेंग्थ २० असल्याने त्याचा अटॅक बोनस (वार करताना वीस बाजूंच्या फाशात मिळवायचा आकडा) आत्ताच +९ आहे, म्हणजे आर्मर क्लास (वार लागण्यासाठी गाठायची बेरीज) १७ असलेल्या शत्रूवर त्याचे ६५ टक्के वार लागतात. लेजेंडरी शस्त्राला साजेसा +३ बोनस दिला की हेच प्रमाण ८० टक्क्यांवर जाते. त्यावर प्रत्येक वारामागे २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) जादा डॅमेज ठेवले, तर अकराव्या लेव्हलला मिळणारे तिन्ही वार लागल्यास ते सरासरी २१ भरते. आमच्या रोगचा (Rogue, चोरपावलांनी लढणारे पात्र) स्नीक अटॅक, म्हणजे संधी साधून केलेल्या वाराचे जादा डॅमेज, या लेव्हलला ६डी६, म्हणजे सरासरी तेवढाच आहे. एका खेळाडूने ज्या गुणासाठी आपले पात्र घडवले, तो दुसऱ्याला केवळ तलवारीसोबत मिळावा, हे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून तूर्त असा विचार आहे की तलवार आज +१ ने सुरू व्हावी आणि सतराव्या लेव्हलपर्यंत टप्प्याटप्प्याने +३ वर जावी. जादा डॅमेज एका टर्नमध्ये एकदाच मिळेल आणि तेही मागच्या राउंडमध्ये ज्या शत्रूने सोबत्याला जखमी केले असेल त्याच्यावरच. हे टप्पे लेव्हलनुसार उघडावेत की पराक्रमानुसार? माझा कल पराक्रमाकडे आहे, परंतु त्यामुळे खेळाडू नको तिथे जीव धोक्यात घालू लागतील अशी धास्तीही आहे.

दुसरा प्रश्न तलवारीच्या स्वतंत्र इच्छेचा. नियमांप्रमाणे शस्त्र आणि धनी यांच्यात संघर्ष झाला की दोघांच्या करिष्म्याची चाचणी समोरासमोर होते. तलवारीचा करिष्मा मी १६ धरला आहे, फायटरचा मात्र ८ आहे. म्हणजे चाचणीत तलवारीला +३ आणि त्याला -१. चार गुणांच्या या तफावतीमुळे तो बहुतेक वेळा हरेल आणि पात्राचे निर्णय खेळाडूऐवजी मीच घेतो आहे असे चित्र निर्माण होईल. ज्यांनी असे सेन्टिअंट, म्हणजे स्वतःची इच्छा असलेले, शस्त्र दीर्घकाळ चालवले आहे, त्यांनी ही चाचणी तशीच ठेवली की बदलली? आणि पार्टीने विचारपूर्वक ठरवून माघार घेतली, तर त्या माघारीलाही तलवारीने पळून जाणेच मानावे का?