विंडोवरचं लेबल कोणत्याही थ्रेडमधून बदलता का येऊ नये?

सातपूरकर: नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत गेजचं (मोजमापाच्या उपकरणाचं) रीडिंग पडद्यावर दाखवणारे प्रोग्राम आम्ही लिहितो. गेज जोडलेला सिरियल पोर्ट वाचायला वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणारं वेगळं काम, लागतोच, नाहीतर विंडो गोठते. पण त्या थ्रेडमधून लेबलला हात लावायचा नाही! विनफॉर्म्स (विंडो बनवायचं मायक्रोसॉफ्टचं टूलकिट, म्हणजे तयार कोडचा संच) डिबगर (चुका शोधायचं साधन) लावलेला असेपर्यंत एक्सेप्शन देतं, म्हणजे चूक दाखवून थांबतं. गिऱ्हाइकाच्या मशीनवर डिबगर नसतो. तिथे तीच चूक गप्प बसते आणि कधीतरी ऐन शिफ्टमध्ये पडदा अडकतो. लॉक लावायचं, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडायचं, काम टूलकिटनेच आतल्या आत करावं, असं माझं ठाम मत आहे.

गंगापूररोड: साफ अमान्य. हा प्रयत्न होऊन गेलाय. जावा भाषेचं विंडो बनवायचं टूलकिट, एडब्ल्यूटी, आधी मल्टिथ्रेडेड (कोणत्याही थ्रेडमधून वापरता येणारं) करायचा बेत होता. तो का फसला, हे सन कंपनीच्या ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये लिहिलं. माउसचा क्लिक ऑपरेटिंग सिस्टीमकडून वर तुमच्या कोडकडे येतो, तुमचा कोड वरून खाली जातो. दोघे तेच लॉक उलट्या क्रमाने मागतात. भद्रकालीच्या बोळात दोन रिक्षा समोरासमोर आल्या, मागे कुणीच घेत नाही, तसा डेडलॉक. आणि लॉक लावूनही काय मिळणार? आकडा आत्ताच्या जॉबचा (मोजायच्या नगाचा) आणि पासचा हिरवा रंग आधीच्या जॉबचा, असं दिसू शकतंच. दोन्ही बदल एकत्रच व्हायला हवेत, हे टूलकिटला कसं कळावं? बिगिनइन्व्होक वापरा, तो बदल विंडो सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडकडे सोपवून लगेच पुढे जातो. नुसता इन्व्होक बदल होईपर्यंत थांबून राहतो. फॉर्म बंद होताना मुख्य थ्रेड त्या पोर्ट वाचणाऱ्या थ्रेडची वाट पाहत असेल तर दोघेही अडकले.

आडगाव_नाका: अशक्य मात्र म्हणू नका. बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रत्येक विंडोला स्वतःचा थ्रेड होता. अर्थात बाहेरून हात लावायचा तर विंडो लॉक करणं प्रोग्रामरकडेच होतं.

सातपूरकर: रंग आणि आकड्याचा मुद्दा मान्य, तो लॉकने सुटत नाही. पण गप्प बसण्याचं समर्थन कुणीच केलेलं नाही. डब्ल्यूपीएफ (मायक्रोसॉफ्टचंच नंतरचं टूलकिट) डिबगर असो-नसो, चुकीच्या थ्रेडला तिथेच अडवतं. विनफॉर्म्समध्येही चेक-फॉर-इल्लीगल-क्रॉस-थ्रेड-कॉल्स हा चुकीचा थ्रेड पकडणारा पर्याय आपण स्वतः चालू ठेवू शकतो. मग तो मुळातच चालू का नको?

गंगापूररोड: कारण चालू शिफ्टमध्ये प्रोग्राम बंद पडलेला गिऱ्हाइकाला चालत नाही.

सातपूरकर: आणि नापास जॉब हिरवा दिसलेला चालतो?