डॅटसन २४०झेड: स्ट्रटची कार्ट्रिज बदलल्यावर पुढून ‘टक’, आणि मागचे अजून बाकी

झेडवेडा
नमस्कार मंडळी. गाडी १९७२ ची डॅटसन २४०झेड, मुक्काम कॅलिफोर्निया. स्ट्रट (चाकाला बॉडीशी जोडणारा, स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) मूळचेच होते, म्हणजे नळीत सुटं ऑइल असलेले. पुढचे दोन्ही उघडून गॅसच्या सीलबंद कार्ट्रिज, म्हणजे नळीत बसणारे तयार शॉक ॲब्सॉर्बर, टाकल्या. स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या.

आता डावीकडून लहान खड्ड्यावर, साधारण २० च्या वेगाला, कोरडा ‘टक’ येतो. मोठ्या उंचवट्यावर येत नाही. उजवी बाजू गप्प आहे. डावीकडे स्ट्रटच्या नळीच्या तोंडावरच्या नटाजवळ थोडं ऑइलही दिसतंय. कार्ट्रिज नवी असून गळते आहे का? शिवाय गाडीचं नाक पूर्वीपेक्षा बोटभर वर आलंय.

मागचे दोन करायचे आहेत, पण खालच्या आर्मला (चाक धरणारा आडवा दांडा) स्ट्रटशी जोडणारी ती लांब स्पिंडल पिन काढायची धास्ती वाटते. ती न काढता जमेल का?

दहाचा पाना
कार्ट्रिजला लगेच दोष देऊ नका. आधी बाकीचे संशयित बाद करा.

चालत्या गाडीत ब्रेकवर पाय नुसता टेकवा. आवाज गेला तर तो कॅलिपरमधल्या पॅडचा. नाही गेला तर गाडी जमिनीवर उभी करून बॉनेट उघडा, कुणाला तरी पुढचा कोपरा दाबून सोडायला सांगा आणि तुम्ही वरच्या माउंटवर तळहात ठेवा. मग स्प्रिंगच्या खालच्या बशीपाशी, मग टेन्शन रॉडच्या (खालच्या आर्मला पुढे-मागे सरकू न देणारा दांडा) बुशाशी, म्हणजे जोडातल्या रबराशी, मग अँटीरोल बारच्या (वळणात गाडी कलू न देणारी सळई) लिंकला. आवाजापेक्षा हाताला बसणारा ठोका खरा, कारण लोखंडातून आवाज कुठूनही कुठे जातो.

ठोका स्ट्रटच्या नळीतच लागला तर दहापैकी आठ वेळा कारण एकच: नळीच्या तोंडावरचा मोठा नट, ज्याला ग्लँड नट म्हणतात, तो कार्ट्रिजला दाबतच नाहीये. मूळच्या रचनेत हा नट आतल्या ऑइलचं सील सांभाळायचा. कार्ट्रिज टाकली की त्याचं काम बदलतं. त्याने कार्ट्रिजला वरून दाबून नळीच्या बुडाशी घट्ट रोवायचं असतं. कार्ट्रिज २ मिलिमीटर जरी आखूड असली तरी नटाची कड आधी नळीच्या ओठावर टेकते. हाताला वाटतं, झाला घट्ट. आत कार्ट्रिज मोकळीच. लहान खड्ड्यावर ती वर-खाली आपटते, म्हणून लहान खड्ड्यावरच ‘टक’. मोठ्या धक्क्यात ती एका बाजूला दाबून राहते, ठोका बाकीच्या गडगडाटात लपतो.

बघायचं असं. डस्ट बूट वर सरकवा, ग्लँड नटाची कड आणि नळीचा ओठ यांच्यामध्ये फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे ‘पानं’) घाला. १ ते २ मिलिमीटर फट असेल तर नट कार्ट्रिजवर टेकलाय, ठीक आहे. पान शिरतच नसेल तर सापडलं म्हणा. आणि कार्ट्रिजचं खोकं फेकलं नसेल तर त्यात शोधा. काही कार्ट्रिजांबरोबर बुडाशी टाकायचा धातूचा ठोकळा किंवा जाड चकती सुटी येते आणि पुठ्ठ्याबरोबर कचऱ्यात जाते.

ऑइलचा बोळा
गळतीबद्दल. नळीत कार्ट्रिजभोवती ऑइल ओतलं होतं का, आणि किती?

ते ऑइल धक्के खाण्यासाठी नसतं. कार्ट्रिज आणि नळी यांच्यात हवेची पातळ फट राहिली तर आतली उष्णता बाहेर यायला वाट नसते. त्या फटीत द्रव असला की उष्णता नळीकडे जाते, आणि आतून गंजही धरत नाही. साधं इंजिन ऑइल पुरतं. काही जण पाणी मिसळलेलं कूलंट घालतात. उष्णता ते उत्तम नेतं, पण जुन्या नळीत मला तरी ऑइलच बरं वाटतं.

चूक होते ती काठोकाठ भरण्यात. ऑइल तापलं की फुगतं, वर जागा नसली की ग्लँड नटाच्या आट्यांतून पाझरतं, आणि मालक म्हणतो नवी कार्ट्रिज फुटली. कार्ट्रिज आत असताना पातळी नळीच्या तोंडापासून २५ ते ४० मिलिमीटर खाली हवी. मिलिलिटरमध्ये आकडा देता येत नाही, कार्ट्रिजच्या जाडीवर ते ठरतं. थोडंसं ओता, कार्ट्रिज हळूहळू सोडा आणि पाच मिनिटं थांबा. फट अरुंद असते, ऑइल वर चढायला वेळ घेतं. मग केबल टायची पट्टी फटीत घालून गाडीच्या डिपस्टिकसारखी पातळी बघा. घाईत बघाल तर कमी दिसेल, वर आणखी ओताल आणि मग पाझरेल.

खरी गळती ओळखायची तर सगळं पुसा, ५० किलोमीटर चालवा. रॉडवर ओली रेघ आली तर सील गेलं. नटाच्या कडेला फक्त वर्तुळ ओलं झालं तर ते भरलेलं ऑइल.

नाक वर येणं हा बिघाड नाही. गॅसचा दाब रॉडला सतत बाहेर ढकलतो. समजा रॉड २० मिलिमीटरचा, म्हणजे छेद ३.१४ चौरस सेंटिमीटर, आणि दाब ५ बार. जोर झाला साधारण १६ किलो. स्प्रिंग दर मिलिमीटरला दीड किलो घेत असेल तर सेंटिमीटरभर उंची वाढणारच. मागचे बसवले की मागेही थोडी वाढेल.

झेडवेडा
फीलर गेज लावला. उजवीकडे १.३ मिलिमीटर फट. डावीकडे ०.०५ चं पानसुद्धा शिरत नाही! आणि हो, ऑइल काठोकाठच ओतलं होतं, दोन्हीकडे. खोक्यात ठोकळा वगैरे काही नाही. तयार चकती टाकू की वॉशर रचू?

दहाचा पाना
वॉशर रचू नका. सुटे वॉशर एकमेकांवर सरकतात, एखादा तिरपा झाला की कार्ट्रिज वाकडी बसते आणि रॉडवर आडवा ताण येतो. लेथवाल्याकडून एकच चकती करून घ्या, दोन्ही बाजू सपाट, व्यास नळीच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित कमी.

जाडी ठरवायची ती ऑइल न भरता, कोरड्या जुळणीत. पण त्याआधी नळीचं बूड बघा. उजवीकडे तीच कार्ट्रिज, तीच नळी आणि फट बरोबर, मग डावीकडेच का नाही? जुन्या सुट्या ऑइलचा गाळ बुडाशी चिखलासारखा बसतो. कार्ट्रिज आधी त्यावर टेकते, नट घट्ट लागतो, आणि चार दिवसांत गाळ दबला की ती सैल. काठीला फडकं गुंडाळून, केरोसीनने बूड चकचकीत होईपर्यंत पुसा. मग कार्ट्रिज सोडा, नट हाताने कड टेकेपर्यंत फिरवा आणि कार्ट्रिज वर-खाली हलवून बघा. जेवढी हलते तेवढी पोकळी. चकती पोकळीपेक्षा १ ते १.५ मिलिमीटर जाड घ्या.

नट बसवताना आटे जपा. ते बारीक असतात आणि नळीतले आटे खाल्ले तर स्ट्रटच गेला. पितळी ब्रशने साफ करा, ऑइलचं बोट फिरवा. नट आधी उलटा, सोडायच्या दिशेने सावकाश फिरवा. एका जागी बारीक ‘टिक’ होऊन तो खाली पडल्याचं जाणवतं. तिथून सुलटा फिरवायला घ्या. पहिले तीन वेढे बोटांनी जायलाच हवेत. पाना लावावासा वाटला तर नट आडवा चढतोय असं समजा. शेवटी किती आवळायचा ते कार्ट्रिजबरोबरच्या कागदावर बघा, नट तिच्याबरोबर आलेला असेल तर मूळ पुस्तकातला आकडा लागू नाही.

गंजलेला बोल्ट
मागच्या बाजूला येतो. स्पिंडल पिन तशीच राहू द्या. पन्नास वर्षांच्या गाडीत ती बुशाच्या नळीत गंजून एकजीव झालेली असते. आधी मधला पाचरीसारखा लॉक बोल्ट काढावा लागतो, तो विसरून ठोकलं तर पिनेचं टोक छत्रीसारखं पसरतं आणि मग ना पुढे ना मागे. कार्ट्रिजसाठी एवढं काही लागत नाही.

आत मागच्या डेकवरचे प्लास्टिक काढले की दोन्ही टॉवरवर तीन-तीन नट दिसतील. गाडी बॉडीखाली स्टँडवर घ्या, आर्मखाली नाही. हाफशाफ्टचा (चाक फिरवणारा दांडा) चाकाकडचा फ्लँज सोडा, हँडब्रेकची केबल सोडा, ब्रेकचा होज उघडा आणि टोपण लावा. अँटीरोल बार असेल तर त्याची लिंकही. आता महत्त्वाचं: आर्मच्या आतल्या टोकाचे बुश नट सैल करा. न करता आर्म खाली ओढला तर रबर पिळवटून फाटतं. आर्मखाली जॅक द्या, वरचे तीन नट काढा आणि जॅक हळूहळू उतरवा. स्ट्रट आर्मसकट खाली झुलतो आणि फेंडरच्या बाहेर येतो. तिथेच स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून काम करा.

आतल्या बुशांचे नट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे. हवेत लटकलेल्या स्थितीत आवळले तर उभ्या गाडीत रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात जातं.

स्प्रिंगबद्दल एकच. दोन कॉम्प्रेसर समोरासमोर, आलटून-पालटून दोन-दोन वेढे. बोटाने ढकलल्यावर स्प्रिंग बशीत हलायला लागेपर्यंत वरच्या नटाला हात लावायचा नाही.

आणि ग्लँड नट सुटत नसेल तर गॅसची ज्योत लावू नका. मूळच्या स्ट्रटमध्ये ऑइल असतं, आधी कुणी कार्ट्रिज टाकली असेल तर ती सीलबंद. दोन्ही तापवणं म्हणजे धोका. रात्रभर गंजतोड तेल, सकाळी मोठा पाइप पाना. नळी व्हाइसमध्ये पकडू नका. एक पोचा पडला की कार्ट्रिज खाली उतरत नाही.

झेडवेडा
डावीकडचं बूड पुसलं. बोटभर काळा गाळ निघाला, त्यात एक जुना वॉशरसुद्धा! तो काढल्यावर कोरड्या जुळणीत २.१ मिलिमीटर पोकळी आहे. म्हणजे चकती ३.५ ची सांगतो.

एकच उरलं. वरचा नट आवळताना रॉड नटाबरोबर फिरतो. रॉड पकडून ठेवायला व्हाइसग्रिप चालेल का? की सरळ इम्पॅक्ट गन लावू?

ऑइलचा बोळा
दोन्ही नको. व्हाइसग्रिपचे दात क्रोमवर ओरखडा काढतात आणि तो ओरखडा प्रत्येक खड्ड्याला सीलमधून जातो. गनने रॉड आतल्या पिस्टनसकट गरगर फिरतो. रॉडच्या टोकाला चपटी बाजू किंवा ॲलन कीची खाच असते, तिथे धरून ऑफसेट पान्याने नट बसेपर्यंत आवळा. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरल्यावर, टॉर्क पान्याने. वजनाखाली रॉड सहसा फिरत नाही.

मागच्या कार्ट्रिज गॅसच्या नसून नुसत्या ऑइलच्या घेणार असाल तर बसवण्याआधी हवा काढून घ्या. उभी धरून रॉड पूर्ण ओढा, उलटी करून पूर्ण दाबा, पुन्हा सुलटी. चार-पाचदा. खोक्यात आडवी पडून हवा आतल्या नळीत शिरलेली असते, ती न काढता बसवली तर रॉड मधेच हलका पडतो.

दहाचा पाना
पुढची डावी बाजू पुन्हा उघडताय तर उजवीकडचं जास्तीचं ऑइलही त्याच दिवशी उपसा. आणि स्ट्रटचे खालचे दोन बोल्ट सोडलेत की डाव्या-उजव्या स्टीअरिंग आर्मवर खूण करा, अदलाबदल झाली तर वळणात चाकं एकमेकांशी भांडतील. ब्रेकची लाइन उघडली असेल तर ब्लीड करा, म्हणजे तिच्यातली हवा काढा. टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, शेवटी तपासा, शंभरेक किलोमीटर चालवून स्प्रिंगा बशीत बसल्यावर.